गळ्यापर्यंतचं चित्र

आमच्या अँटवर्पच्या चित्रशाळेत माणूस तुकड्यातुकड्यांनी तयार व्हायचा. पडदे आणि टेबलं माझी, फळं आणि कुत्री दुसऱ्या एकाची, कॉलर आणि बाह्यांची लेस गोरिस व्हर्हुल्स्टची. चेहरा आणि हात मात्र मालकांचे. चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा ब्रश लागला, की त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. खाली सही अर्थात मालकांची.

गोरिसने एकतीस वर्षं लेसच रंगवली. असा हात मी पुन्हा पाहिला नाही. एकदा एका सराफाची बायको चित्रातली कॉलर सारखी करायला गेली आणि बोटं पांढरी करून बसली. रंग ओलाच होता. पण रस्त्यात भेटला तरी हा बाबा समोरच्याच्या गळ्याशीच बोलायचा.

मी म्हणायचो, "अरे, मान वर कर! माझं नाक वर आहे."

"नाकाचं मालक बघतील," तो म्हणायचा.

बायको मागेच वारलेली, मुलगी एकच, दिम्फ्ना. तिचं लग्न लिस्बनच्या व्यापाऱ्याशी ठरलं. थंडी सरली की जहाज सुटणार होतं. एकदा गेली की पोर पुन्हा दिसायची नाही, हे गोरिसला कळत होतं. निदान तिचा चेहरा तरी घरात राहावा म्हणून त्याने मालकांपुढे शब्द टाकला. मालक मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "तुझं काम उरकून घे. चेहरा मी करून देतो."

अकरा रविवार दिम्फ्ना चर्चमधून आली की आईने विणलेली कॉलर घालून खिडकीपाशी बसायची. मी मागचा पडदा रंगवायला जायचो. कॉलर इतकी सुरेख उतरली होती, आणि वर नुसता मातकट रंगाचा डाग.

"चेहराही तूच काढ की," मी एकदा म्हणालो.

"वेड लागलंय का? ते आपलं काम आहे?"

त्याला दंडाला धरून पोरीच्या चेहऱ्याकडे वळवायला हवं होतं, नाही वळवलं. स्वतःचा राग येतो अजून.

बाराव्या रविवारी मालक यायचे होते. त्याआधीच दिम्फ्नाला ताप भरला आणि गुरुवारी पोर गेली.

दफन झाल्यावर मालक स्वतः माझ्याबरोबर गोरिसच्या घरी आले. चित्रासमोर बसले. ब्रश हातात घेऊन हळूच म्हणाले, "सांग, गोरिस. तू सांगशील तसा काढतो."

"कॉलरला बेचाळीस चुण्या," गोरिस घाईघाईने सांगू लागला. "डावीकडची तिसरी जराशी दबलेली, कारण ती मान..."

"डोळे, गोरिस. डोळे कसे होते?"

गोरिसने माझा हात धरला. "तू सांग ना रे. तू तर तिथेच होतास."

मी सांगितलं. डोळे करडे. भुवईत लहानसा व्रण. हसली की आधी एकच गाल हलायचा. परक्या कुणाच्या पोरीबद्दल ऐकावं तसा तो ऐकत होता.

"दर रविवारी म्हणायची," तो म्हणाला, "'बाबा, एकदा माझ्याकडे बघा ना.' आणि मी म्हणायचो, हलू नकोस गं, चुणी मोडेल."