लुळे अठरा

मूल लहान असलेल्या बाईला शंभरपर्यंत सलग मोजता येत नाही. हे मला माझी मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा कळलं. मी त्रेसष्टपर्यंत पोचले की ती रडायची, की मी पुन्हा एकपासून सुरू. सत्तेचाळीसला ती गोणपाटाचं टोक ओढायची आणि ओळीत मांडलेलं सोयाबीन घरभर व्हायचं. पुन्हा एकपासून. ऐकणाऱ्यांना यात गंमत वाटते. मला तेव्हा रडू यायचं, कारण शंभरपर्यंत मोजणं हेच माझं काम होणार होतं.

लग्नाआधी आणि नंतरही मी अकोल्याला एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. बियाणं किती उगवतं ते तपासायचं, एवढंच काम. शंभर दाणे मांडायचे, ओलावा द्यायचा, आठवड्यानं उगवलेले मोजायचे. सातव्या महिन्यात मला सांगण्यात आलं की बाळंतपण निवांत करा, मग बघू. कोणी काही बघितलं नाही. मी पण समजायचं ते समजले आणि सासरी, रिसोड-शिरपूर रस्त्यावरच्या गावात, येऊन राहिले. नवरा त्याच रस्त्यावर जीप चालवतो.

आमच्याकडे घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवतात. ते चांगलं आहे की नाही हे कसं ठरवतात, तर मूठभर हातावर घेतात, चमक बघतात, एखादा दाणा दाताखाली धरतात आणि म्हणतात, बेस हाय. सोयाबीनची साल किती पातळ असते, पोतं आपटलं तरी आतला कोंब कसा मरतो, मळणीयंत्र जोरात चालवलं तर वरून टवटवीत दिसणारा दाणा आतून कसा गेलेला असतो, हे मला दिसत होतं आणि मी पोरीची दुपटी धूत बसले होते. त्या दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र पक्कं झालं. एक खोली, एक टेबल, भिंतीला लागून मांडणी. लोक थैलीत मूठभर बियाणं घेऊन येतील. मी त्यांना धीर देणार नाही, अंदाज सांगणार नाही, फक्त आकडा देईन. अकोल्याला ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या बाई म्हणायच्या, दिसेल ते लिही, वाटेल ते लिहू नको. मला माझ्या आयुष्यात एवढं एकच वाक्य कामाचं मिळालं होतं आणि त्यावर मी उभी राहणार होते.

ते जमलं ते सासूबाईंमुळे. हे मी आधीच कबूल करते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्या वाईट दिसतील आणि त्या वाईट नाहीत. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा एका सकाळी त्यांनी तिला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "जा तू, मोज तुये दाणे. आमी बसतो हिले घेऊन." त्या दिवशी समोरच्या खोलीत मी एका दमात शंभर मोजले. नंतर उगाचच आणखी शंभर मोजले.

त्या उन्हाळ्यात वीस-बावीस जण आले, पुढच्या उन्हाळ्यात दुपटीनं. ओलं गोणपाट अंथरायचं, दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. आठव्या दिवशी उघडायचं. सत्तरच्या वर उगवलं तर बिनधास्त पेरा. साठ-पासष्ट असेल तर एकरी बियाणं वाढवा. पन्नासच्या घरात असेल तर मोंढ्यात विकून टाका, पेरू नका. हे मी चिठ्ठीवर लिहून द्यायचे. पण लोकांना आकड्यात रस नव्हता. ते दारातूनच विचारायचे, "मॅडम, पास का नापास?" जणू पोराची दहावी. मी चिडायचे. चिठ्ठी वाचा म्हणायचे.

एकच बाई अशी होती की जी पास-नापास विचारायची नाही. मागच्या गल्लीत राहायची, पन्नाशीची असेल. नवरा चार वर्षांपासून अंथरुणावर, तीन एकर वावर ती एकटी वाहायची. ती म्हणायची, "पास नका सांगू मले. नंबर सांगा. नंबरावर मी बी किती टाकायचं ते पाहीन." सगळ्या गावात माझं काम काय आहे ते हिला एकटीला कळलंय, असं मला वाटायचं. मी तिला चहा द्यायचे. बाकी कोणाला देत नव्हते.

त्यानंतरच्या काढणीच्या वेळी पाऊस आला. शेंगा वावरातच भिजल्या. सासऱ्यांनी तेच सोयाबीन वाळवून पोत्यांची उंच थप्पी मारली, वर आणखी दोन पोती तुरीची. मी दोनदा म्हटलं, मामाजी, एवढी उंच थप्पी नका मारू, खालचं दाबतं. ते हो म्हणाले आणि विसरले. वैशाखात गावातले पाच-सहा जण त्यांच्याकडे बियाणं मागायला आले, दरवर्षी येतात तसे. या वेळी प्रत्येकानं विचारलं, सुनेची चिठ्ठी हाय का. मागच्या गल्लीतल्या त्या बाईनंही विचारलं. तिचं स्वतःचं बियाणं मीच नापास केलेलं होतं.

आठव्या दिवशी मी गुंडाळी उघडली तेव्हा सासरे शेजारी बसले होते. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपलेली. मी मोजलं. नीट, सरळ, जोमदार मुळी आलेले चोपन्न. अठ्ठावीस नुसतेच कुजलेले. आणि अठरा मधले. मोड आलेला, पण मुळी आखूड, वाकडी, टोकाला तपकिरी. यांना आम्ही प्रयोगशाळेत लुळे म्हणायचो. गोणपाटात ते वर येतात, काळ्या मातीचा थर त्यांच्यानं फुटत नाही. ते मोजायचे नसतात. कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच.

"चोपन्न," मी म्हणाले.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. एका लुळ्या मोडावर बोट ठेवलं. "हे काय हाय मंग? हे उगवलं नाई का?"

"लुळं हाय ते, मामाजी. ते नाई धरता येत."

"मले त उगवलेलं दिसून राह्यलं." ते चिडले नव्हते. त्यांना खरंच तसं दिसत होतं. "तूच म्हणतं न, दिसन ते लिहायचं. मंग लिही."

 त्यांनी मोडावरून बोट काढलं. मग झोपलेल्या मुलीचं डोकं खांद्यावर नीट करत म्हणाले, "पोरगी दोन वरीस माह्या खांद्यावर वाढून राह्यली. मी तुले कधी काही मांगतलं?"

नव्हतं मागितलं. कधीच नाही. त्यांनी धमकी दिली असती तर मी भांडले असते, भांडायला मला जोर येतो. पण ते खरं बोलत होते. माझी सकाळ, माझं टेबल, माझे सलग शंभर, सगळं त्यांच्या खांद्यावर झोपलेलं होतं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिले खाटेवर टाका न, हात दुखन." ते उठले नाहीत.

मी अठरा धरले. चिठ्ठीवर बहात्तर लिहिलं. लिहिताना मनाशी एक हिशेब केला की जमीन भुसभुशीत असेल, पाऊस बेताचा असेल, बी उथळ पडलं असेल, तर लुळ्यातले काही येतीलही. म्हणजे मी वाटेल ते लिहिलं.

बाईला नंबर सांगितला. ती म्हणाली, "बहात्तर. मंग एकरी तीस किलो पुरे." मी मान हलवली. मुंडी हलवायला काय लागतं.

पेरणीनंतर बारा दिवसांनी सगळ्यांनाच कळलं. ओळीत हातभर जागा रिकामी, मग दोन रोपं, मग पुन्हा रिकामी. गावानं कारणंही शोधली. पाऊस जोराचा झाला म्हणून मातीला पापडी धरली. कोणी म्हणालं पेरणीयंत्र खोल चाललं. सासरे कट्ट्यावर बसून पापडीबद्दल बोलत होते आणि माझं नाव कोणाच्या तोंडात नव्हतं. चिठ्ठीवर बहात्तर होतं ना. चिठ्ठीला कोण काय म्हणणार.

एका दुपारी ती बाई आली. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, चहा नको. ओसरीच्या कडेला बसली. पायांना चिखल तसाच.

"मॅडम, माह्याच हातानं चूक झाली. बी खोल पडलं. तुमी त बहात्तर सांगतलं होतं. मीच पेरताना घाई केली, नवरा एकटा पडून होता घरी म्हून. आता दुबार पेरावं लागते." मग पुढे म्हणाली, "तुमच्या नंबराले लोकं नावं ठेवतीन म्हून सांगाले आली. तुमचा दोष नाई."

मला आजही तिचा राग येतो. ती शिव्या द्यायला आली असती तर मी दार लावून घेतलं असतं आणि आयुष्यभर गप्प राहिले असते, मला माहीत आहे. ती माझी समजूत काढायला आली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "चोपन्न होते."

तिला कळलं नाही. मी लुळे म्हणजे काय ते सांगितलं. अठरा कसे धरले ते सांगितलं. का धरले ते मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तिनं समजून घेतलं असतं, आणि तिनं समजून घेणं मला नको होतं.

ती अंगठ्याच्या नखानं पायावरचा चिखल खरवडत होती. मग म्हणाली, "चोपन्न सांगतलं असतं त मी दुसरीकून आणलं असतं."

"हो."

"मले नंबरच पाह्यजे होता. पास नव्हतं पाह्यजे."

ती गेली. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. तिनं सांगितलं म्हणून नाही, मी सांगितलं म्हणून. ज्यांनी ज्यांनी नेलं होतं त्या प्रत्येकाच्या दारात मी गेले, मुलगी कडेवर घेऊन, आणि तेच वाक्य बोलले. एकानं दार लोटून घेतलं. एकाच्या म्हातारीनं विचारलं, "हे सांगून आता उगवन काय?"  सासऱ्यांनी दुबार पेरणीचं बियाणं सगळ्यांना आणून दिलं, पण माझ्याशी बोलणं सोडलं. सासूबाईंनी मुलीला माझ्याजवळ आणून ठेवलं. "तुयी तू सांभाळ आता," म्हणाल्या, आणि आत जाऊन रडल्या. मुलगी आठ दिवस त्यांच्या दारापाशी जाऊन उभी राहायची.

नवऱ्यानं दिवाळीनंतर रिसोडला एक खोली पाहिली. तो बोलला एवढंच, की रोज घरात असं जेवण उतरत नाही. मला वाटलं होतं की खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं. मला वाटलं नाही. मला एवढंच कळलं की माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र तेच आहे, खोली, टेबल, मांडणी, आणि त्यात येणारं माणूस मात्र कोणी नाही.

पुढच्या चैत्रात खोली होती, टेबल होतं. पहिले पंधरा दिवस कोणी आलं नाही. मी घरच्या डब्यातलं सोयाबीन आणून शंभर-शंभर मांडत होते, हाताला सवय राहावी म्हणून. मुलगी साडेचार वर्षांची, पायाशी खेळायची. नंतर रिसोडचेच दोघं-तिघं आले, ज्यांना काही माहीत नव्हतं.

मग ती बाई आली. बसनं आली होती, पिशवीत मूठभर बियाणं. नाव लिहून घेऊ लागले तर म्हणाली, "उघडान तवा मले फोन करजा. मी समोर बसतो."

आठव्या दिवशी आली. मी स्टूल दिलं, ती टेबलाला अगदी टेकून बसली. मी गुंडाळी उघडली आणि मोजायला लागले. मध्येच मुलीनं पदर ओढला, पाणी मागितलं, मी तिच्याकडे वळले आणि आकडा गेला.

"अडतीस झाले," बाई म्हणाली.

तेव्हा मला कळलं की ती मनातल्या मनात माझ्याबरोबर मोजतेय, पहिल्या दाण्यापासून. मी पुढे मोजलं. शेवटी म्हणाले, "एक्क्याऐंशी."

तिनं गोणपाट स्वतःकडे ओढलं. चष्मा लावला आणि एकपासून सुरुवात केली, मोठ्यानं. शंका आली की मोड चिमटीत धरून मला दाखवायची. "हे लुळं हाय का?" मी हो किंवा नाही म्हणायचे. दोन मोडांना मी नाही म्हणाले, तरी तिनं ते बाजूला काढले. मुलगी तिच्या गुडघ्याला टेकून बघत होती आणि तिनं तिला हटकलं नाही, जवळही घेतलं नाही.

"एकोणऐंशी," ती म्हणाली आणि चिठ्ठीची वाट पाहत बसली.

ते दोन धरण्यासारखे होते. अकोल्यात कुठल्याही बाईनं ते धरले असते. मी माझे एक्क्याऐंशी खोडले आणि तिचे एकोणऐंशी लिहून दिले.