पंचनामाबाईंचं राज्य

बाईंना जिंकलेल्या राजांचा कंटाळा होता. रोम, दिल्ली, लंडन अशी नावं कोणी काढली की त्या हात झटकायच्या, "त्यांचे गोडवे गायला लोक आहेत." बाईंना लागायची ती थोडक्यात हुकलेली राज्यं, मोठी व्हायची सगळी लक्षणं असून ऐनवेळी माती खाल्लेली. कॉलेजातून निवृत्त झाल्या तरी शिकवायची खाज जाईना, म्हणून नागपूरच्या धरमपेठेतल्या घराच्या व्हरांड्यात दर रविवारी त्यांचा फुकट वर्ग भरायचा आणि अशा एका राज्याचा पंचनामा व्हायचा. आम्ही त्यांना पंचनामाबाई म्हणायचो. तोंडावर नाही हो, तेवढी छाती कोणाची!

पंचनाम्यात 'नशीब' हा शब्द चालत नसे. मी एकदा बरगंडीबद्दल बोललो. फ्रान्स आणि जर्मनीच्या मधलं केवढं श्रीमंत राज्य, पण तिथला ड्यूक लढाईत मेला, मागे एकटी मुलगी, बिचाऱ्याचं नशीब! बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. एरवी त्या शुद्ध बोलत, पण चिडल्या की अस्सल नागपुरी बाहेर यायची. "नशीब काहून? साऱ्या शेजाऱ्यांसंग एकदम भांडण काढाले नशिबानं सांगितलं होतं काय त्याले?"

देवगिरीचा किस्सा त्यांचा लाडका. वेढा पडल्यावर किल्ल्यात धान्य म्हणून साठवलेली पोती उघडली, तर म्हणे आत मीठ निघालं. तेव्हापासून कोणी फुशारकी मारली की बाई विचारायच्या, "पोतं उघडून पाहिलं काय?" नोकरी पक्की झाली म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तेव्हाही हेच. ऑर्डर खरंच हातात आलेली नव्हती. पेढे मात्र बाईंनी दोन खाल्ले.

नागपूरच्या राज्याची पाळी आली की आवाज जड व्हायचा. कटक घेतलेलं, बंगालकडून चौथ वसूल केलेली. पण राज्य उभारणारा बाप गेला आणि मुलं गादीसाठी भांडली, आणि शेवटी तर गादीला वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य आयतं गिळलं. "शत्रू सगळ्यात शेवटी येतो," बाई म्हणायच्या. "त्याच्या आधी घरातलेच ठरवत नाहीत, पुढे गादीवर बसणार कोण."

आणि बाईंचं स्वतःचं काय? लग्न केलं नव्हतं, हा वर्ग हेच राज्य. त्यांना बरं नसलं की आम्ही दोघं शिकवायचो, मी आणि कन्हानहून बसनं येणारी शालू. पुढं वर्ग कोण चालवणार, असं विचारलं की बाई उसळायच्या, "मी काय मरून राहिली काय?" मला म्हणायच्या, तू माझा उजवा हात. शालूलाही तेच. मला तर खात्रीच होती की वर्ग माझाच. होता होता शालू आणि मी एकमेकांशी बोलेनासे झालो. पोरांमध्येही दोन तट पडले. शिकवणारीच तीच चूक करत होती आणि सांगणार कोण?

मग बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी धंतोलीच्या दवाखान्यात खाटेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शालू. मला राहवेना. म्हटलं, "बाई, आज तुमच्या राज्याचा पंचनामा करू का?"

शालूनं डोळे वटारले. बाई उशीला टेकून बसल्या. "कर."

"राज्य चांगलं. प्रजा गुणी. पण राणीनं दोन उजवे हात ठेवले."

बाई इतक्या हसल्या की नर्स रागावून गेली. मग हसू ओसरलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "वर्ग शालू चालवणार."

उत्तर मीच मागितलं होतं, पण ते असं येईल असं वाटलं नव्हतं. फार राग आला. मी दाराकडे वळलो.

"कुठं चालला गा?" मागून बाईंचा आवाज. "हरलेला भाऊ रुसून गेला का तिथंच राज्य पडते. बस इथं."

बसलो. काय करणार!

ऑपरेशन नीट झालं. हिंडू-फिरू लागल्यावर एका रविवारी बाई व्हरांड्यात आल्या आणि सवयीनं खुर्चीकडे निघाल्या. खुर्चीत शालू होती. ती उठायच्या आत बाई मुकाट्यानं पोरांमध्ये सतरंजीवर बसल्या. शालूनं नागपूरचं राज्य सुरू केलं. दोन वाक्यं झाली नसतील, तोच बाई मध्ये बोलल्या, "असं नाही वं शालू, त्याच्या आधी काय झालं..."

शालूचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "बाई, बोलायचं असेल तर हात वर करा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं "जाऊ दे गं" म्हणालो असतो, तर शालू खुर्चीतून उठली असती आणि पुन्हा कधी बसली नसती. मला ते पक्कं ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मोह झाला.

"करा बाई," मी म्हणालो. "नियम सगळ्यांना सारखा."

बाईंनी हात वर केला. सलाइनच्या सुईचे डाग अजून गेले नव्हते.

"बोला," शालू म्हणाली.

बाई आता नाहीत, वर्ग चालू आहे. त्या दिवसानंतर जगल्या तितके रविवार त्या सतरंजीवर येऊन बसल्या, आणि हात वर केल्याशिवाय एकदाही बोलल्या नाहीत.