सातव्याचा आवाज

लपाछपीत राज्य आलं की आमच्या घरची मुलं दहा-वीस-तीस म्हणत नसत. भिंतीला डोळे टेकून आम्ही म्हणायचो, "इची नी सान, शी गो, रोकू, शिची, हाची, कू, जू." शेजाऱ्यांना वाटायचं, आम्ही कुणा इचीला नि तिच्या सान बहिणीला चिडवतोय. 'शी गो'वर तर मुली लोळायच्या. हे आजोबांनी शिकवलेलं. 'शिची' तेवढं ते पातळ, परक्या आवाजात काढायचे, म्हणून आम्हीही तसंच काढायचो. मला तो आमच्या रत्नागिरीकडचाच चावटपणा वाटायचा, आणि चाळिशी उलटेपर्यंत वाटत राहिला.

मी सौदीत, हफ्र अल बातिनच्या एका खासगी इस्पितळात नर्स आहे. गेल्या वर्षी इस्पितळ विकलं गेलं. नव्या मालकाने आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, वाढवले नाहीत, आणि इकामा संपला की एक्झिट, म्हणजे देशाबाहेर जायचा परवाना, निघत नाही. तिकडे गावी अब्बा अंथरुणाला खिळलेले. त्यांची आठवण विरत चालली होती. मधूनच ते मला त्यांची बहीण, माझी फुफी समजायचे. ते मला ओळखतात तोवर घरी पोचायचं, एवढंच मला हवं होतं. रोज ऑफिसात जाऊन विचारायचं आणि रोज 'बुकरा' ऐकायचं. बुकरा म्हणजे उद्या. या गावातला उद्या मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या खोलीतली जोडीदारीण फिलिपिनो. एका दुपारी अब्बांना बोलतं ठेवायला मी फोनवर 'इची नी सान' म्हणत होते, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या सोडून माझ्याकडे बघत राहिली. हे जपानी आकडे आहेत, म्हणाली. लढाईच्या वेळी तिच्या आजीच्या गावात, शाळेतच, जपानी पलटण राहायची. म्हातारपणीही आजी हे आकडे म्हणायची ती ताठ उभी राहून. मी म्हटलं, आमच्याकडे हे मुलांचं गाणं आहे. ती म्हणाली, असेल, पण एक ते दहा आहे. मला माझाच राग आला. तीन भाषांत पेशंटची समजूत घालणारी मी, घरातलं एक ते दहा मला कळलं नव्हतं.

अब्बांना विचारलं. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण हे आलं.

"गो बाय, तो खेल नव्हता," ते म्हणाले. मला ते बायच म्हणतात.

आजोबा तरुणपणी पोर्ट ब्लेअरला धक्क्यावर कामाला होते, एवढंच मला ठाऊक होतं. जपान्यांनी बेटं घेतली, बोटी बंद झाल्या आणि ते तिथेच अडकले. पलटणीने त्यांना धावपट्टी बांधायला जुंपलं. पहाटे रांग लावायची आणि ज्याने त्याने आपला आकडा जपानीत ओरडायचा. एक आकडा गळला की सगळ्या रांगेला मार, आणि जो आला नाही त्याचा शिधा बंद. आजोबा सहावे. सातवा त्यांचा गाववाला, तापाने फणफणून झोपडीत पडलेला. शिपाई पार टोकाला असायचा, अंधुक उजेडात त्याला नुसतं ऐकू यायचं. आजोबा 'रोकू' म्हणायचे आणि मान खाली घालून, पातळ आवाजात, 'शिची'.

"किती दिवस, अब्बा?"

"तीन सकाली. चौथ्या सकाली गरज नाय ऱ्हायली."

फोन ठेवून मी रडले. त्या आवाजाची नक्कल करून आम्ही अंगणभर खिदळायचो आणि त्यांनी आम्हाला एकदाही गप्प केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जोडीदारीण आम्हा सगळ्यांचे कागद घेऊन दम्मामच्या कामगार कचेरीत तक्रार करायला गेली, रजा न घेता. नेमका त्याच दुपारी मालकाचा माणूस वसतिगृहात मोजणीला आला. बायकांच्या वसतिगृहात पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, म्हणून तो दारातल्या पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसला. आत आम्ही खोल्यांप्रमाणे ओळीत उभ्या राहिलो. अरबीत आकडे म्हणायचे. जी नसेल तिच्यावर हुरूब, म्हणजे पळून गेल्याचा शेरा. तो लागला की बाई धड कामाचीही राहत नाही नि घरीही जाऊ शकत नाही.

"और दूसरे के लिए बोला, तो उसका एक्झिट खलास," पडद्यामागून तो म्हणाला.

आदल्याच दिवशी ऑफिसने मला पहिल्यांदा 'बुकरा' न म्हणता 'गुरुवार' म्हटलं होतं. ओळीत पाचवी मी आणि सहावी जागा जोडीदारणीची. वाहिद, इस्नैन, सलासा, अरबआ. "खम्सा," मी म्हटलं.

पुढे कुणी बोलेना. मला घरी जायचं होतं. इतकं, की मला तिचा राग आला आणि आजोबांचाही आला. मग मान आपोआप खाली गेली.

"सित्ता."

आवाज लपाछपीतलाच निघाला. सातवी भानावर येऊन "सबआ" म्हणाली आणि मोजणी पुढे सरकली.

तो फसला नाही, पण मोजणी पुरी भरल्याने त्या दिवशी शेरा मारता आला नाही. जोडीदारीण तक्रारीवर शिक्का घेऊन परतली, त्यामुळे पुढेही तिच्यावर शेरा लागला नाही, पण माझी फाइल गुरुवारी ढिगाच्या तळाशी गेली. त्या संध्याकाळी मी अब्बांना फोन लावला. त्यांनी मला फुफीच्या नावाने हाक मारली. मी आकडे म्हणायला लागले आणि 'रोकू'शी थांबले. पलीकडून पातळ आवाजात आलं, "शिची." मग त्यांनी हळूच विचारलं, "बाय आली काय गो घरी?"

"आली," मी फुफीच्या आवाजात म्हटलं.