ढोल थांबू नये म्हणून

आमच्या घरात माणसं सात आणि घोंगड्या तीन. आबा नातेपुत्याच्या पुढच्या माळावर लोकांची मेंढरं राखायचे, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि मी शाळेची पुस्तकं गावोगाव चालत जाऊन मागून आणायचो. आमचं आडनाव छापील अक्षरांत कुठंच नव्हतं. रेशनकार्डावरसुद्धा ते शाईनं लिहिलेलं होतं. रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढं एका फोटोपायी मी एवढा का तळमळलो, ते कळावं म्हणून सांगतो.

सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. शहरात सांस्कृतिक महोत्सव भरला आणि त्यात आमच्याच गावचा गजीनृत्याचा संघ आला. पंधरा-वीस धनगर, अंगात पायघोळ पांढरे अंगरखे, हातात रंगीत रुमाल, आणि सगळ्यांच्या पुढं आबा. कॉलेजच्या वार्षिकांकाचं काम बघणाऱ्या सरांनी स्वतःचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "एकच रोल आहे, बारा फोटो. नाचाचा एक जरी नीट आला तरी पान भरून छापू, खाली तुझं नाव. उभ्या माणसांचे आणू नकोस, ते माझ्याकडे पोत्यानं पडलेत."

मी त्याआधी कॅमेरा हातात धरला नव्हता. तरी वाटलं, त्यात काय, आपण तर्कशास्त्र शिकलोय.

दुपारी मैदानात ढोल सुरू झाला. नाच रंगात आला. मी गुडघ्यावर बसलो, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ढोल बंद! सगळे जागच्या जागी ताठ. हात मांड्यांना चिकटलेले, रुमाल मुठीत कोंबलेले. पोलीस भरतीला उभे असल्यासारखे. तोवर माझं बोट दाबलं गेलं होतं.

"आबा, थांबताय कशाला? नाचा की!"

"फोटू काढतुयास न्हवं?"

"नाचतानाचाच काढायचाय."

"फोटूत हलायचं नसतंय. येवडं बी ठावं न्हाय व्हय? काय शिकिवत्यात रं तुज्या कालिजात?"

अख्खा संघ खो खो हसला.

ह्याचं मूळ मला माहीत होतं. गावच्या जत्रेत एकानं संघाचा फोटो काढला होता. ढोल वाजवणारे तात्या नेमके तेव्हा शिंकले आणि फोटोत त्यांच्या तोंडाच्या जागी नुसता धूर उतरला. तेव्हापासून आमच्या गावात फोटो म्हणजे श्वास कोंडून उभं राहायचं. त्यातही आधी थांबायचे ते तात्याच. ढोल थांबला की पाय थांबले. ढोल वाजत असताना पाय थांबवणं मात्र देवाला चालत नाही, असा सगळ्या संघाचा नेम.

मी काय काय केलं! लिंबाच्या झाडाआडून काढला, तर तात्यांनी हेरलं. मागून काढायला गेलो, तर सगळे वळून ताठ. हात जोडले, ओरडलो. ते आपले प्रेमानं पुन्हा पुन्हा उभे राहात होते, माझ्यासाठी! दहा फोटो गेले. दहाही पोत्यात घालायचे.

"तात्या, तुम्हाला पाहिजे तरी काय?" मी खेकसलो.

तात्यांनी ढोलावर हात ठेवला. एवढा दांडगा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला. "माजं तोंड येऊ दे की रं एकदा. बाकी काय न्हाय."

चडफडत अकरावा फोटो त्यांचा काढला. एकट्यांचा, ढोलासकट. तीनदा विचारलं, "शिंक नाही ना?" मग बजावलं, "आता काही झालं तरी ढोल थांबवायचा नाही."

"न्हाय थांबवत. झालं माजं काम."

तात्यांनी डोळे मिटले आणि असा ढोल लावला की मैदानाच्या कडेची माणसं उठून उभी राहिली. मी सरळ आबांच्या समोर गेलो. कॅमेरा दिसताच त्यांना थांबायचं होतं, पण ढोल कुठं थांबतोय!

"आरं तात्या, फोटू हाय फोटू! थांब की मर्दा!" आबा ओरडत होते आणि पाय नाचत होते. मी दाबलं.

अकरावा फोटो तात्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर लागला. बारावा वार्षिकांकात पान भरून छापून आला. आबांचे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत, रुमाल डोक्याच्या वर, तोंड उघडं, आणि माझ्याकडं लई रागानं बघतायत. खाली माझं नाव आहे, आडनावासकट, छापील अक्षरांत.