आठ बाय दहामध्ये न मावलेल्या जाऊबाई

ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही आणि देवालाही नाही. देवाला सांगायला एकदा बसले होते, पण मागून कुणीतरी चहा मागितला आणि राहूनच गेलं. तसंही चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही.

सांगलीत विश्रामबागेला आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे दुकान, मागे घर. फोटो नवरा काढतो. त्याने हौसेने कॉम्प्युटर घेतला, पण त्याच्यापुढे बसायचा धीर त्याला नव्हता — काही चुकलं की पडद्यावरच ओरडायचा. मग हळूहळू मी बसायला लागले.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. निगेटिव्ह लांबट असते आणि आठ बाय दहाचा कागद तिच्या मानाने आखूड. म्हणून निगेटिव्हवरून कॉम्प्युटरवर घेतलेला फोटो उघडला की त्याच्यावर आठ-दहाची चौकट ठेवायची. ही चौकट लहान होते, मोठी होते, पण आकार सोडत नाही — आमच्या सासूबाईंसारखी. डावीकडे सरकवली की उजवीकडचं कापलं जातं, उजवीकडे सरकवली की डावीकडचं. म्हणजे काहीतरी जाणारच. पण काय जायचं, हे कुणी ठरवायचं? — थांबा, तिकडेच येते आहे.

माझे थोरले दीर सैन्यात सुभेदार होते. ते नोकरी संपवून कायमचे घरी आले, तेव्हा साताऱ्याकडच्या आमच्या गावी मोठं जेवण घातलं. मामंजींनी त्याआधीच साताऱ्याहून आठ बाय दहाच्या फ्रेमा आणून ठेवल्या होत्या. फोटो अजून काढायचा होता, तरी फ्रेमा तयार! आधी चप्पल आणायची आणि मग तिच्यात पाय बसवायचा, असा आमच्या घराचा स्वभाव. प्रत्येक पाहुण्याच्या भिंतीवर लेकाचा फोटो लागला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

थोरल्या जाऊबाई, म्हणजे सुभेदारांची बायको, दहावी झालेल्या. मला त्या ‘चौथी’ म्हणायच्या. माझी शाळा तेवढीच झाली ना — तेच नाव पडलं. ‘ए चौथी, मीठ आण गं.’ त्या दिवशी भरल्या पंगतीत वाढता वाढता म्हणाल्या, ‘आमची चौथी आता कॉम्प्युटर चालवती बरं का! अक्षरं कळत न्हाईत, पण चित्रं तर दिसत्यात!’ पंगत हसली. मीही हसले. हातातली आमटी मात्र एका पाहुण्याच्या मांडीवर सांडली, त्यावर सगळे पुन्हा हसले.

मग फोटो. सगळे अंगणात ओळीने उभे राहिले. नवऱ्याने मला सासूबाईंच्या शेजारी, मधे उभी केली. जाऊबाई सगळ्यांत शेवटी आल्या — चुलीपाशी होत्या. पिठाचे हात पदराला पुसत उजव्या टोकाला उभ्या राहिल्या आणि नणंदेच्या खांद्यावर हात टाकला. फोटो निघाला.

तुम्ही म्हणाल, कागदच आखूड, त्याला ही बाई काय करणार? मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होते. पण डाव्या टोकाला काय होतं, माहीत आहे? कुणा पाहुण्याची स्कूटर. चौकट उजवीकडे सरकवली असती तर स्कूटर गेली असती. स्कूटर काही रुसून बसली नसती. आणि खरं सांगू? — सरकवायचीसुद्धा गरज नव्हती. फोटो थोडा लहान केला असता, तर वर-खाली पांढरी पट्टी राहून सगळं घर मावलं असतं. हे मला येत होतं का? येत होतं.

नवरा बाहेर ऑर्डरीवर होता. मी चौकट डावीकडे सरकवली. हळूहळू. आधी जाऊबाईंचा खांदा गेला, मग कान, मग नथीसकट नाक. मग त्या पूर्ण गेल्या. नणंदेच्या खांद्यावरचा हात तेवढा उरला, कोपरापर्यंत, बांगड्यांसकट. तोही घालवला असता, पण चौकटीला आणखी डावीकडे सरकायला जागाच नव्हती. मी सगळ्या प्रती तशाच छापल्या आणि फ्रेमांत बसवल्या. स्कूटर आरशासकट छान आली होती.

गावी फ्रेमा उघडल्या तेव्हा जाऊबाईंनी बराच वेळ फोटोवरून बोट फिरवलं.

‘ह्यो हात माझाच न्हवं? मग मी कुठं हाय गं?’

‘आवं जाऊबाई, कागद आखूड पडला. कॉम्प्युटरनं कापलं.’

‘कॉम्प्युटरला स्कूटर दिसली, आन् मी न्हाई दिसली व्हय?’

सगळे खो खो हसले. जाऊबाईही हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, ‘चुलीचा धूर लय झालाय.’ चूल तेव्हा विझलेली होती. ज्या माणसाची वाट बघण्यात तरुणपण गेलं, त्याच्या फोटोत त्या नव्हत्या. तो फोटो सगळ्या सोयऱ्यांच्या भिंतींवर गेला.

पुढे मी पांढऱ्या पट्टीचा फोटो छापलाही. पण तो दिला की कॉम्प्युटर निर्दोष ठरत होता. मग राहिलं कोण? मी तो बंबात घातला. त्या दिवशी अंघोळीचं पाणी मात्र नेहमीसारखंच तापलं.

जाऊबाईंनी कॉम्प्युटरची धास्ती घेतली ती घेतलीच. कुठल्याही लग्नात फोटोवाला दिसला की नवरा-नवरीच्या मधे घुसायच्या. दुसऱ्यांनाही सांगायच्या, ‘कडंला थांबू नगा, कॉम्प्युटर खातोय!’ हे सगळ्या भावकीत पसरलं. आमच्या सोयऱ्यांचे फोटो म्हणजे मधे माणसांचा ढीग आणि दोन्ही बाजूंना मोकळं अंगण. नवरा डोकं धरून विचारायचा, ‘ही माणसं अशी का गोळा होतात?’ मी चौकट सरकवत राहायचे.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं, साताऱ्यात. फोटोसाठी मी लाजत कडेला उभी होते. जाऊबाईंनी ढिगातून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. ‘चौथे, आत ये की! कापतोय त्यो!’ मला आत ओढली. आत जागा होती कुठे? मी आत गेले आणि त्या बाहेर पडल्या, पार टोकाला. तेवढ्यात नवऱ्याने बटण दाबलं.

तो फोटो मी वर-खाली पट्ट्या ठेवून छापला. जाऊबाई टोकाला आहेत, सबंध आहेत. बघून त्या केवढ्या खूश झाल्या! मला म्हणाल्या, ‘सुधारला बघ गं तुझा कॉम्प्युटर.’

मी म्हणाले, ‘व्हय.’