पोत्यावर बेतलेली साइडकार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला त्याची मेहुणी ‘भिंगरी’ म्हणे, आणि ते नाव इतके चपखल बसले की कामावरचे सहकारीही तेच वापरू लागले. चहा तो उभ्यानेच घेई. समोरच्याचे बोलणे संपायच्या आत त्याच्या हातात पाना आलेला असे. जिथे धावपळीलाच कर्तबगारी समजतात, तिथे अशा अस्वस्थतेला कोणी दोष म्हणत नाही. तो दोष आहे हे मागे बसणाऱ्यालाच कळते.

मागे बसे ती त्याची बायको. ती कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतण्याचे काम करी आणि लग्नापासून त्याच्या मोटारसायकलवर बसूनच कामाला जाई. गेल्या वर्षी एका ट्रकमागे थांबणे त्याच्या जिवावर आले. ओल्या वळणावर त्याने गाडी पुढे काढली, ती घसरली, आणि बायकोचा उजवा गुडघा कायमचा ताठला. मागची सीट तिला बंद झाली. बस फाट्यावरच सोडायची, आणि तिथून चालणे तिला झेपणारे नव्हते. कारखान्याने तिची जागा राखली होती, पण येत्या सोमवारपर्यंतच.

माफी मागायची तर एका जागी बसावे लागते. त्याने एक जुनी साइडकार विकत आणली.

अंगणात ती मोटारसायकलच्या डाव्या अंगाला जोडताना त्याने बायकोऐवजी तिच्या वजनाचे वाळूचे पोते आत ठेवले. चाकांना मापासाठी लाकडी पट्ट्या लावून बाजूचे चाक पुढून किंचित आत वळवले, म्हणजे गाडी एकीकडे ओढत राहू नये. मोटारसायकल थोडी बाहेर कललेली ठेवली, कारण आत माणूस बसला की ती सरळ व्हायला हवी. तो नट आवळी, एक फेरी मारी, मनासारखे झाले नाही म्हणून पुन्हा सैल करी. निघताना गाडी डावीकडे खेचे, ब्रेक लावला की उजवीकडे झेपावे. तरी खरी अडचण त्याच्या अंगातच होती. वळणावर झुकायची त्याला जन्माची सवय, आणि तीन चाकांची गाडी झुकत नाही. तिचे हँडल मुकाट्याने फिरवावे लागते. तो झुके, आणि गाडी सरळ शेजाऱ्यांच्या भिंतीकडे निघे. डाव्या वळणावर तर घाईपायी पोत्यासकट चाक उचलले गेले.

बेकरीची व्हॅन चालवणारी मेहुणी पायरीवर बसून हे पाहत होती. “भावजी, गाडी वळवताय की तिला गुदगुल्या करताय?” तिने विचारले.

शनिवारी दुपारी त्याने गाडी तयार झाल्याचे सांगितले. बायको काठी टेकत दारापर्यंत आली आणि पोत्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“आधी तुम्ही बसा त्यात,” ती म्हणाली. “ही चालवेल.”

पोते उतरवून तो आत बसला. रस्ता एकदम कानाशी आला. हातांना काम नव्हते, म्हणून त्याने गुडघे धरले. मेहुणीला झुकायची सवयच नव्हती, त्यामुळे तिने गाडी व्हॅनसारखी नीट वळवली, तीही बेताच्या वेगाने. तरीही प्रत्येक चौकात त्याचा उजवा पाय तळाची फळी दाबत राहिला. डावे वळण आले तेव्हा त्याच्या तोंडून आपसूक निघाले, “हळू.” हा शब्द त्या दिवशी ट्रकच्या मागे त्याने पाठीशी ऐकला होता, आणि ऐकूनच गाडी काढली होती.

परतल्यावर तो लगेच उतरला नाही. कसे वाटले, असे बायकोने विचारले. काही भीती नाही, असे उत्तर त्याने वाटेत तयार ठेवले होते.

“पाय ब्रेक शोधत होता,” तो म्हणाला.

“माझा लग्नापासून शोधतोय.” कापडाचे माप सांगावे तशा आवाजात ती बोलली.

तो पोते उचलायला वाकला, तर तिने त्याला थांबवले. “ते राहू द्या. मी बसते, मग काय जुळवायचं ते जुळवा.”

बहिणीच्या आधाराने ती बसली, ताठ पाय पुढे सोडून. मोटारसायकल सरळ झाली नाही, बाहेर कललेलीच राहिली. वजन त्याने आठवणीने धरले होते. घरात बसून ती किती वाळली, हे वर्षभर एका घरात राहून त्याला दिसले नव्हते. तो जमिनीवर आडवा झाला आणि त्याने नट सैल केला.

“आता?” त्याने विचारले.

“अजून नाही.” तिने पाय हलवून पाहिला, पाठ टेकवली. तिला घाई नव्हती, आणि खाली पडल्यापडल्या त्याचे पाय नुसते चाळवत होते.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या वळणावर पुढे ट्रक उभा होता. बाजूने तिघे गाड्या काढून गेले. क्लचच्या दांडीवर त्याची बोटे ताल धरत होती, आणि रस्त्याकडे न पाहता ती त्या बोटांकडे पाहत होती. ट्रक हलला. तो हलला नाही.

“हं, चला,” ती म्हणाली.