एकशे बारा तास

आमच्या साइटवर तिला सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे तारीखबाई. तिला ते ठाऊक होतं, पण रागवायलाही वेळ लागतो आणि वेळ तिच्याकडे कधीच शिल्लक नसे. इमारतीचं वेळापत्रक सांभाळणं हे तिचं काम. खोदाईपासून रंगापर्यंत अकराशे कामं तिनं कॉम्प्युटरमध्ये एकामागे एक ओवली होती. हे संपल्याशिवाय ते सुरू नाही. एक काम दोन दिवस लांबलं की पडद्यावरचे पुढचे सगळे पट्टे सरकायचे. महिनाअखेरीला ती उशिराचा अहवाल काढायची. ठरलं काय होतं, झालं काय, आणि मधल्या फरकातला एकेक दिवस कुणाच्या नावावर. ज्याचं नाव लाल पट्ट्याशेजारी यायचं, त्याची मीटिंगमध्ये बिनपाण्यानं व्हायची.

मी स्टोअरकीपर. पत्र्याच्या त्या ऑफिसात माझं टेबल तिच्या टेबलाला लागून. कॉम्प्युटरवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि हे मी तिला दिवसातून दोनदा तरी ऐकवायचो.

"काका, तुमच्या रजिस्टरातून गेल्या वर्षी अख्खा मिक्सर हरवला होता," ती म्हणायची. मिक्सर नंतर सापडला, हे मात्र ती कधी सांगायची नाही.

बाई मुलखाची भित्री. घरून निघताना गॅस तीनदा बघायची, कुलूप ओढून बघायची, आणि तरी बसमधून शेजारणीला फोन करून कुलूप बघायला लावायची. पण हाच भित्रेपणा कामात उपयोगी पडायचा. पाइप वेळेवर आले नाहीत तर? क्रेन बंद पडली तर? मोठ्या साहेबांना जे महिन्यानं दिसायचं, त्यानं हिच्या छातीत आधीच धडधडायला लागायचं. मी तिची थट्टा करायचो. आता करत नाही.

तो मंगळवार होता. दुपारचे डबे नुकतेच बंद झाले होते. ती अहवाल काढत बसली होती आणि मधूनच स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती.

"काका, उशीर अकरा दिवसांनी कमी झालाय."

"मग पेढे आणा."

"थट्टा नको. साइटवर कुणी जास्त काम केलं नाही, माणसं वाढली नाहीत. मग हे अकरा दिवस गेले कुठे?"

ती एकेक ओळ खाली सरकू लागली. मी बिलं चाळत होतो. थोड्या वेळानं माउसचा आवाज थांबला म्हणून मान वर केली, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हॉलचा स्लॅब," ती म्हणाली. "टेकू."

स्लॅब म्हणजे छत. ओलं काँक्रीट ओतलं की ते घट्ट होईपर्यंत खालून लोखंडी टेकू लावून ठेवावे लागतात. हॉल मोठा, म्हणून टेकू चौदा दिवस. गेल्या आठवड्यात मोठे साहेब तिच्यावर डाफरले होते, "काँक्रीट रविवारी सुट्टी घेतं का? मग वेळापत्रकात रविवारची सुट्टी का धरता?" मुद्दा बरोबर होता. म्हणून तिनं त्या कामाचं कॅलेंडर बदललं. आठ तासांच्या दिवसाऐवजी चोवीस तासांचा दिवस, सुट्टी नाही. पण कॉम्प्युटरनं पोटात दिवस ठेवलेच नव्हते, तास ठेवले होते. चौदा दिवस, रोजचे आठ तास, एकशे बारा तास. नव्या कॅलेंडरात ते एकशे बारा तास पाच दिवसांच्या आतच संपले. गंमत म्हणजे रकाना अजून आठानंच भागत होता, म्हणून त्यात आकडा चौदाच दिसत होता. फक्त शेजारची तारीख बदलली होती. स्लॅब गुरुवारी भरला होता आणि टेकू काढायची तारीख आजची होती. तसा छापील तक्ता सोमवारी सकाळी तिच्याच सहीनं साइटवर गेला होता.

"अहो, घाबरताय काय?" मी म्हणालो. "स्लॅबच्या टोळीचा मिस्त्री काय दुधखुळा आहे? पाचव्या दिवशी तो टेकूला हातसुद्धा लावणार नाही."

"लावतील," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात त्यांनी जिन्याकडच्या स्लॅबचे टेकू चार दिवस जास्त ठेवले. ते चार दिवस मी त्यांच्या नावावर लावले. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पुन्हा असं झालं तर दुसरी टोळी आणतो."

तिनं मिस्त्रींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. साइट इंजिनिअर साहेबांबरोबर बाहेर गेला होता. तिसऱ्यांदा फोन कानाला लावूनच ती पळत सुटली, आणि माझा गुडघा सांभाळत मी तिच्या मागे.

हॉल ऑफिसपासून चार मिनिटांवर. ती चार मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. सळयांचे ढीग, वाळू, पाण्याची टाकी, आणि टाकीपाशी पोचल्यावर ऐकू आलेला हातोडा. लोखंडावर लोखंड. ठण्. मग थोडं थांबून पुन्हा ठण्. आवाज येतोय तोवर छत वर आहे एवढंच मला कळत होतं, आणि आवाज थांबला की मी हॉलच्या छताकडे बघत होतो.

हॉलबाहेर टोळीतली सातही माणसं फळ्यांच्या थप्पीवर बसली होती.

"मिस्त्री कुठे आहेत?" ती ओरडली.

एकानं हॉलकडे बोट केलं. "आत. आम्हाला म्हणाले, बाहेर बसा."

ती उंबऱ्याशी थबकली. आत टेकूंचं रान उभं होतं, आणि पलीकडच्या भिंतीजवळ एक रांग रिकामी झाली होती. तिथे मिस्त्री पाठमोरे होते. तिनं हाक मारली, पण त्यांना ऐकू गेली नाही. हातोडा पुन्हा वर गेला. आणि जी बाई कुलूप तीनदा ओढून बघायची, ती त्या छताखाली शिरली. मी बाहेरच राहिलो. खोटं कशाला बोलू, माझी हिंमत झाली नाही.

तिनं त्यांचा दंड धरला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला, वर बघितलं, आणि पडलेला टेकू उचलून पुन्हा उभा केला. त्यांनी तिला बाहेर जायला खुणावलं. ती गेली नाही. अकरा टेकू निघाले होते. दोघांनी मिळून ते अकराही परत लावून आवळले. वर काँक्रीटला केसाएवढी चीर गेली होती, हातभर लांब, हे मला नंतर कळलं. मी घड्याळ बघितलं नाही, पण माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

बाहेर आल्यावर ती खालीच बसली, मातीत. मिस्त्रींनी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिला धरवेना.

"मिस्त्री, पाचव्या दिवशी टेकू काढायचे नसतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की, ताई. तीस वर्षं हेच करतोय."

"मग मला विचारलं का नाही?"

"मागच्या वेळी थंडी होती. माल घट्ट झाला नव्हता, म्हणून चार दिवस जास्त ठेवले. तेव्हा तुम्ही तरी कुठे विचारलंत?" ते रागानं बोलत नव्हते, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तक्त्यावर तुमची सही होती. म्हटलं, शिकलेल्या माणसानं काही हिशेब केला असेल. नवीन सिमेंट असेल."

"एवढा विश्वास होता, तर या सगळ्यांना बाहेर का बसवलंत?"

मिस्त्रींनी थप्पीवरच्या माणसांकडे बघितलं. मग बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "तक्ता चुकला असता तर एकटा पुरे होता ना, ताई."